मोटारीची पुढची काच

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आम्हां इतिहास शिकविणाऱ्यांनाही हा मोह सुटत नाही. पण घरात, रस्त्यावर जी वस्तू आपण रोज पाहतो तिलाही इतिहास असतो, आणि पुष्कळदा तो पानिपताच्या इतिहासापेक्षा आपल्या जिवाशी अधिक जवळचा असतो. आज अशाच एका वस्तूविषयी बोलायचे आहे. ती म्हणजे मोटारीची पुढची काच. इंग्रज तिला विंडस्क्रीन म्हणतो, अमेरिकन विंडशील्ड म्हणतो. एकाला ती वाऱ्याचा पडदा वाटली, दुसऱ्याला वाऱ्याची ढाल. आपल्याकडे सरळ ‘समोरची काच’ म्हणतात आणि काम भागते.

हा विषय काढण्याचे कारण सांगतो. जुनी फियाट, जुनी जीप अंगणात उभी करून स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्याची हौस पुष्कळांना असते. काच तडकते, रबर वाळते, खालच्या पत्र्याला गंज धरतो. मग प्रश्न येतो की ही काच घरच्या घरी, हातपाय शाबूत ठेवून काढता येईल का? कुणी म्हणतो, “त्यात काय! आत बसून पायाने रेटा दिला की झालं.” दुसरा म्हणतो, “छे, छे, हातसुद्धा लावू नका.” गंमत अशी की दोघेही बरोबर असतात. मात्र ते दोन वेगवेगळ्या काळांतल्या मोटारींविषयी बोलत असतात. म्हणून पाना हातात घेण्याआधी थोडा इतिहास हातात घ्यावा, एवढीच माझी विनंती.

अगदी पहिल्या मोटारींना काच नव्हतीच. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेली तीनचाकी गाडी पाहा. बसायला बाक, हाताशी दांडा आणि समोर मोकळी हवा. बैलगाडीला कुठे काच असते? घोड्याच्या बग्गीला असते का? मोटार ही बिनघोड्याची बग्गीच समजली जात होती. पण वेग वाढला तसा वारा बोचू लागला, धूळ आणि चिलटे डोळ्यांत जाऊ लागली. गृहस्थ चष्मे चढवीत, स्त्रिया टोपीवरून जाळीदार बुरखा बांधून घेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत गाडीपुढे काच उभी करण्याची सोय निघाली, तीसुद्धा ज्याला हवी त्याने वेगळे पैसे देऊन घ्यायची वस्तू म्हणून. पितळी किंवा लाकडी चौकट, तीत खिडकीला असते तशी साधी काच, आणि चार स्क्रू. पुष्कळदा काचेचे दोन भाग असत, वरचा भाग बिजागरीवर वळे. काच धुळीने माखली किंवा पाऊस आला की वरचा भाग दुमडायचा आणि भिजत भिजत पुढे जायचे!

या अडचणीवर उपाय शोधला तो एका बाईंनी. अमेरिकेतल्या अलाबामा संस्थानच्या मेरी अँडरसन हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असता त्यांनी पाहिले की बर्फाळ पावसात ट्रामचा चालक समोरची काच उघडून, कुडकुडत गाडी हाकतो आहे. त्यांनी आतून दांड्याने हलविता येईल असा रबरी पट्टीचा वायपर आखला आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. त्यातून त्यांना पैसा मात्र मिळाला नाही. पेटंटची मुदत संपली आणि पुढे वायपर घरोघर नव्हे, पण गाडोगाडी झाला. सांगावयाचे इतकेच की या पहिल्या काळात काच ही गाडीच्या अंगाचा भाग नव्हती. ती पाहुणी होती. चार स्क्रू काढले की पाहुणी निघाली! तेव्हा ती काढणे हा मुळी प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो ती फुटण्याचा.

साधी काच फुटते तेव्हा तिच्या सुऱ्या होतात. खिडकीची काच अंगणात पडली तर आपण केरसुणी घेऊन गोळा करतो. पण धावत्या गाडीत बसलेला माणूस टक्कर होताच स्वतःच त्या काचेवर जाऊन आदळतो. चेहरा, मान, मनगट, विशेषतः डोळे, यांना होणाऱ्या जखमा भयंकर असत. वाऱ्यापासून वाचविणारी ढाल अपघाताच्या क्षणी तलवार होत होती, आणि यावर दोन निरनिराळ्या वाटांनी उपाय निघाला. वाचकहो, या दोन वाटा नीट लक्षात ठेवा, कारण आपल्या अंगणातल्या गाडीची काच यांपैकी कोणत्या वाटेची आहे यावर सारे काही अवलंबून आहे.

पहिली वाट फ्रान्समधून निघाली. एदुआर बेनेदिक्तुस हा गृहस्थ मोठा नमुनेदार. चित्रकार होता, कापडाच्या आणि भिंतीच्या कागदाच्या नक्षी काढी, आणि रसायनशास्त्राचाही अभ्यासक होता. त्याच्या प्रयोगशाळेत १९०३ साली फळीवरून काचेचा एक चंबू खाली पडला, तडकला, पण त्याचे तुकडे विखुरले नाहीत, अशी हकिगत सांगतात. चंबूत पूर्वी सेल्युलोज नायट्रेटचे द्रावण होते. ते सुकून आतल्या बाजूस पातळ पापुद्रा धरला होता आणि त्या पापुद्र्याने तुकडे चिकटवून धरले होते. पुढे मोटारीच्या अपघातात काचेने झालेल्या जखमांची बातमी त्याच्या वाचनात आली आणि तो चंबू आठवला. दोन काचांच्या मध्ये असा पापुद्रा घालून दाबून बसविला तर? काच–पापुद्रा–काच, असे तीन थर. त्याने १९०९ साली पेटंट घेतले आणि त्या काचेला नाव पडले ‘ट्रिप्लेक्स’. गोष्टीतला चंबू बाजूला ठेवला तरी पेटंट खरे आहे, आणि आजची जोडकाच त्याच कल्पनेची नात आहे.

गोष्ट अशी की मोटारवाल्यांनी तिचे लगेच स्वागत केले नाही. काच महाग पडे. तिची परीक्षा आधी झाली ती पहिल्या महायुद्धात, विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांपुढे. नंतर १९२७ च्या अखेरीस फोर्डची नवी ‘मॉडेल ए’ गाडी बाजारात आली. तिच्यात पुढची जोडकाच कारखान्यातूनच बसवून येऊ लागली, आणि श्रीमंतांची चैन सामान्यांच्या गाडीत आली.

पण जोडकाच म्हटले तरी ती अभेद्य नव्हे, आणि याच मुद्द्यावर एक खटला झाला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानात १९३० साली एका गृहस्थाने ही गाडी घेतली. कारखान्याच्या माहितीपत्रकात लिहिले होते की हिची काच कितीही जोराचा आघात झाला तरी उडणार नाही, विखुरणार नाही. त्याच वर्षी रस्त्यावरचा एक खडा उडून काचेवर बसला, काच फुटली आणि तिच्या कणांनी त्याचा डावा डोळा गेला. विक्रेता म्हणाला, काच मी केली नाही. कारखाना म्हणाला, तुझा माझा करार कुठे आहे? तू गाडी घेतलीस ती विक्रेत्याकडून. त्या काळच्या कायद्याप्रमाणे हे उत्तर पुरेसे होते. परंतु त्या संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३२ साली निर्णय दिला की ज्या गुणाची खातरजमा सामान्य गिऱ्हाइकाला नुसते पाहून करता येत नाही, असा गुण छापून सांगणारा कारखानदार त्या शब्दाला बांधलेला आहे. मधे करार असो वा नसो. खटला पुन्हा चालला, गिऱ्हाइकाच्या बाजूने निकाल लागला आणि १९३४ साली तो कायम झाला. ग्राहकाच्या हक्कांच्या इतिहासात या खटल्याला मानाचे पान आहे. काच दिसायला पारदर्शक, पण तिच्या आत काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही, हे न्यायाधीशांनी बरोबर ओळखले होते.

दरम्यान पापुद्राही सुधारत गेला. सेल्युलोज नायट्रेट उन्हाने पिवळे पडे. चार वर्षांत काच चहात बुडवून काढल्यासारखी दिसू लागे. त्याच्या जागी सेल्युलोज असिटेट आले आणि १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पॉलिव्हिनिल ब्युटिराल, म्हणजे पीव्हीबी, हा चिवट, पारदर्शक पदार्थ आला. हे राळेसारखे द्रव्य कॅनडातल्या रसायनज्ञांनी १९२७ साली प्रथम तयार केले होते. आजही जोडकाचेच्या पोटात तेच असते.

आता दुसरी वाट. ती समजण्यासाठी कंदिलाची चिमणी आठवा. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनी वापरला आहे, त्यांना हे सांगायला नको की तापलेल्या चिमणीवर पाण्याचा एक थेंब पडला की टचकन तडा जातो. का जातो? थेंब पडला तेथील काच एकदम आकसू पाहते, भोवतालची तापलेली काच तिला आकसू देत नाही. ओढाताण होते आणि काच हरते. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र सोसत नाही. मग उलट करता आले तर? सगळी काच मऊ पडण्याच्या बेतास येईपर्यंत, म्हणजे ६०० अंशांच्याही वर तापवायची आणि दोन्ही बाजूंनी थंड हवेचे झोत सारखे मारायचे. वरची कातडी आधी घट्ट होते. आतला गाभा नंतर निवतो आणि निवताना कातडीला आत खेचतो. त्यामुळे कातडी कायमची दाबाखाली राहते. बाहेरून ठोसा बसला तर तो आधी हा दाब फेडणार, मग ताण निर्माण करणार! म्हणून अशी काच साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत. हिलाच टफन्ड काच म्हणतात. द ला बास्ती नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८७४ साली तापलेली काच तेलात बुडवून असा प्रकार करून पाहिला होता. मोटारींसाठी हवेच्या झोतांची रीत विसाव्या शतकात रुळली.

या काचेचा स्वभाव मात्र चमत्कारिक. सपाट पृष्ठावर मार सोसेल, पण कडेला बारीकशी चीर पडून ती गाभ्यापर्यंत पोचली, की साठवलेली सारी ओढाताण एका क्षणात मोकळी होते आणि सबंध काचेचे खडीसाखरेसारखे बारीक खडे होतात. सुऱ्या नाहीत, हा फायदा. पण रस्त्यावर खडा बसला की चालकापुढे क्षणार्धात पांढरी भिंत उभी राहते! जुने चालक अशा वेळी मुठीने भोक पाडून वाट पाहत. पुढे चालकासमोरच्या भागात मोठे तुकडे पडतील, म्हणजे थोडे तरी दिसत राहील, अशी ‘झोन टफन्ड’ काच निघाली. अमेरिका पुढच्या काचेसाठी जोडकाचेला धरून राहिली. युरोपात बराच काळ टफन्ड काचही चालली. आपल्याकडेही तिचे राज्य पुष्कळ वर्षे होते.

जोडकाचेचाही एक दोष नंतर उघड झाला. जोराच्या टकरीत डोके काच फोडून आरपार जाई आणि परत येताना मानेभोवती काचेचे कडे होई. म्हणून अमेरिकेत १९६६ च्या मॉडेलांपासून मधला पापुद्रा दुप्पट जाड, म्हणजे सुमारे पाऊण मिलिमीटर, करण्यात आला आणि काच व पापुद्रा यांची चिकटही बेताची ठेवली. आता काच तडकते, पण पापुद्रा ताणला जाऊन डोक्याला झोळीसारखा सावरतो. पाऊण मिलिमीटर म्हणजे काय हो? पोस्टकार्डे दोन-चार एकावर एक ठेवली की तेवढे होते. तेवढ्या जाडीने असंख्य चेहरे वाचले. आपल्या देशात १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी असे ठरविले की नियम अमलात आल्यापासून तीन वर्षांनंतर तयार होणाऱ्या मोटारींची पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे जोडकाचच, असली पाहिजे. तेव्हा त्याआधीची गाडी असेल तर तिच्यात टफन्ड काच सापडणे अगदी शक्य आहे. काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक ठसा असतो. तो वाचल्याशिवाय काचेला हात लावू नये. इतिहासकार जसा आधी शिलालेख वाचतो, तसेच हे!

येथवर काचेचे झाले. आता ती बसविण्याच्या रीतीकडे वळू, कारण काढण्याची रीत ही बसविण्याच्या रीतीची सावली असते.

चौकट आणि स्क्रू यांचा काळ संपला तो गाड्या बंदिस्त झाल्या तेव्हा. पोलादी छप्पर आले, रस्त्याच्या खाचखळग्यांनी पत्रा पिळू लागला आणि पिळणाऱ्या पत्र्यात ताठ काच कशी टिकणार? मधे काही तरी लवचीक हवे. ते काम रबराने केले. दोन्ही बाजूंना खाच असलेली रबरी पट्टी. आपल्या गॅरेजांतून तिला बीडिंग म्हणतात. एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत पत्र्याची कडा. १९३४ साली क्रायस्लरने आपल्या मोठ्या इंपीरियल गाडीला एकसंध वक्र काच बसविली. १९५० नंतर तर वक्र काचांची फॅशनच आली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट आणि तिचीच पुढची आवृत्ती पद्मिनी यांची पुढची काच याच रबरी पद्धतीची. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या रूपाने ही गाडी ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी मिस्त्रींच्या बोटांना हे बीडिंग पाठ आहे.

या काळातली काच घरी काढता येते. मात्र दोन माणसे हवीत. एकट्याने हा उद्योग करू नये. दोघांनीही डोळ्यांवर बंद चष्मा, हातांत जाड हातमोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायांत बूट घालावेत. चपला चालणार नाहीत. गाडी सावलीत, सपाट जागी उभी करावी. वायपरचे दांडे आणि आतला आरसा आधी काढून ठेवावा. बॉनेटवर आणि डॅशबोर्डवर जाड गोधडी पसरावी. बीडिंगमध्ये चकचकीत पट्टी किंवा रबराची कुलूपपट्टी असेल तर तिचे टोक शोधून ती सबंध ओढून घ्यावी. ती निघाली की बीडिंगची पकड अर्धी सैल होते. मग आतल्या बाजूने रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून हळूहळू सोडवत जायचे. यासाठी लाकडाची बोथट पाचर आणि साबणाचे पाणी वापरावे. स्क्रूड्रायव्हरचा मोह टाळावा. टफन्ड काचेच्या कडेला लोखंडाचे टोक लागले तर काय होते ते वर सांगितलेच आहे, आणि जोडकाचेला लागले तर तडा सरळ मध्यापर्यंत धावतो.

रबर वाळून दगड झाले असेल तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका. बाहेरच्या बाजूचा ओठ धारदार सुरीने, अंगापासून दूर चालवीत, कापून टाका. नवे बीडिंग मिळते. त्या गाडीची काच पुन्हा मिळेलच याचा भरवसा नाही. ओठ वरच्या बाजूने आणि दोन्ही अंगांनी सुटला की आतल्या माणसाने वरच्या कोपऱ्याशी दोन्ही तळव्यांनी सारखा, वाढता दाब द्यावा. ठोसा द्यायचा नाही, हिसका मारायचा नाही. पायाने रेटणारे असतात. पण पायाला दाब किती पडला ते कळत नाही, तळहाताला कळते. बाहेरच्या माणसाने काच दोन्ही हातांनी झेलण्याच्या तयारीत उभे राहावे. निघालेली काच आडवी ठेवू नये. गोधडीवर, लाकडी पट्ट्यांच्या आधाराने, किंचित कलती उभी ठेवावी. नंतर पत्र्याची कडा तपासावी. गंज सापडतो तो बहुधा खालच्या दोन कोपऱ्यांत. तो खरवडून, रंग देऊन, पूर्ण वाळू द्यावा.

पुन्हा बसविण्याची जुनी युक्ती मोठी सुंदर आहे. बीडिंग काचेभोवती चढवायचे, मोकळ्या खाचेत चारी बाजूंनी एक गुळगुळीत नायलॉनची दोरी घालायची आणि तिची दोन्ही टोके खाली मध्यभागी गाडीच्या आत सोडायची. साबणाचे पाणी लावून काच बाहेरून जागेवर धरायची. बाहेरचा माणूस तळव्याने थोपटत जातो, आतला माणूस दोरी ओढत जातो, आणि जसजशी दोरी निघते तसतसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून आत उडी मारतो. दोरी संपली की काच बसली. कुणा एकाचे नाव या युक्तीला नाही. ती कारागिरांची मौखिक परंपरा आहे.

टफन्ड काच फुटून जागीच पांढरी झाली असेल तर रीत वेगळी. डॅशबोर्डावरच्या हवेच्या फटी आधी वर्तमानपत्राने घट्ट बुजवाव्यात. काचेला आतून कागद आणि चिकटपट्टी लावावी आणि सारे खडे बाहेरच्या गोधडीवर ढकलावेत. फटी बुजवायला विसरलात तर खडे आत जाऊन बसतात, आणि महिन्याभराने पंखा लावला की थेट डोळ्यांवर येतात.

हे सारे वाचून हुरूप आला असेल, तर पुढचा भाग आधी वाचा. काच बसविण्याच्या इतिहासात १९६० नंतर एक मोठे स्थित्यंतर झाले. रबराच्या जागी डिंकासारखी चिकटद्रव्ये आली आणि पुढे युरेथेन आले. हे द्रव्य हवेतला ओलावा घेऊन घट्ट होते आणि काच पत्र्याला अक्षरशः सांधून टाकते. अमेरिकेत १९७० पासून कायद्यानेच असे ठरले की टकरीत पुढची काच जागेवरून निघता कामा नये. कारण अपघातात गाडीबाहेर फेकला जाणारा माणूस बहुधा वाचत नाही. वाऱ्याला बाहेर ठेवणाऱ्या काचेकडे आता माणसाला आत ठेवण्याचे काम आले. पुढे गाडी उलटली तर छप्पर सावरण्यास हातभार लावण्याचे काम आले. आणि शेजारच्या आसनापुढची एअरबॅग आली तेव्हा पुष्कळ गाड्यांत ती फुगताना या काचेवरच टेकू घेऊ लागली. काच पाहुणी होती, मग रबराच्या आधाराने राहणारी भाडेकरू झाली, आणि आता घराची भिंतच झाली!

नव्या गाडीच्या काचेभोवती काळी पट्टी दिसते ना? ती शोभेसाठी नाही. काचेवर भाजून बसविलेली ती काळी झिलई खालच्या चिकटद्रव्याला उन्हापासून वाचविते. अशी पट्टी दिसली आणि भोवती दोन्ही खाचांचे जाड रबर नसले, की समजावे, ही काच सांधलेली आहे.

सांधलेली काच काढायची म्हणजे ते चिकटद्रव्य चारी बाजूंनी कापायचे. मिस्त्री एक पीळदार पोलादी तार सुईने आरपार ओवतात, दोन्ही टोकांना मुठी बांधतात आणि एक जण आत, एक जण बाहेर बसून करवतीसारखी ती ओढत नेतात. गाडी भंगारात जायची असेल किंवा नुसता सांगाडा रंगवायचा असेल, तर वर सांगितलेली सारी काळजी घेऊन हेही दोन माणसांना जमते. तार तुटून उसळते, म्हणून चष्मा क्षणभरही काढायचा नाही. परंतु गाडी पुन्हा रस्त्यावर जायची असेल, तर प्रश्न काढण्याचा राहत नाही, लावण्याचा होतो. कापताना पत्र्यावर ओरखडा पडला आणि त्यावर योग्य लेप दिला नाही, तर आत गंज धरतो आणि गंजावर काहीही चिकटून राहत नाही. नवे चिकटद्रव्य किती तासांनी गाडी चालविण्याइतके घट्ट होते हे त्या द्रव्यावर, हवेतल्या उष्णतेवर आणि ओलाव्यावर ठरते. अलीकडच्या काही गाड्यांत काचेमागे कॅमेरा असतो. तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. आणि सगळ्यांत वाईट हे की यांतली कोणतीही चूक डोळ्यांना दिसत नाही. काच बसलेली दिसते, पाणी गळत नाही, घरचे लोक वाहवा करतात. चूक कळते ती टकरीच्या क्षणी. म्हणून अशी काच बसविण्याचे काम ज्याच्याकडे योग्य द्रव्य आहे आणि जो गाडी ताब्यात देताना ‘अमुक तास चालवू नका’ असे आपण होऊन सांगतो, त्याच्याकडेच द्यावे.

तेव्हा ते जे दोघे भांडत होते, त्यांचा निवाडा असा. पहिल्याची गाडी रबराच्या काळातली. त्याला साबणाचे पाणी, एक धीराचा जोडीदार आणि एक मोकळा रविवार पुरे. दुसऱ्याची गाडी सांधलेल्या काचेची. त्याने हात आवरला हेच शहाणपण. आणि ज्याला आपली गाडी कोणत्या काळातली हे ठाऊक नाही, त्याने आज संध्याकाळी गाडीपाशी जाऊन दोन गोष्टी पाहाव्यात. कोपऱ्यातला ठसा काय म्हणतो आणि कडेला रबर आहे की काळी पट्टी. वॉशिंग्टनच्या त्या गृहस्थाला काचेच्या आत काय आहे ते पाहण्याचा काहीच मार्ग नव्हता. त्याला छापील शब्दावर विसंबावे लागले आणि त्याचा एक डोळा गेला. आपल्याला तो ठसा वाचता येतो. मग वाचायचा आळस कशाला करावा?